दीड दिवसाची शाळा आणि तीसहून अधिक कादंबऱ्या

पावसाळ्याच्या दिवसांत नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात एक तरुण मला शोधत आला. धडगावकडच्या एका आश्रमशाळेत तो शिक्षक आहे. जामीन नको होता, फिर्यादही करायची नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चार जाड वह्या त्याने टेबलावर ठेवल्या. ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांवरची ती कादंबरी होती. सहा वर्षे रात्री जागून लिहिलेली. तीन प्रकाशकांकडे पाठवून झाली. दोघांनी पोचही दिली नाही. तिसऱ्याने छपाईचा निम्मा खर्च लेखकाने सोसावा आणि सर्व हक्क मात्र प्रकाशकाकडे राहावेत, असा करारनामा धाडला. वकील म्हणून मी तो कागद वाचावा, एवढीच त्याची मागणी होती. चहा घेताना तो सहज बोलून गेला की आता लिहिणे बंद करतो, आपल्या माणसांचे कोण छापणार.

कागदाचे काय ते मी त्याला सांगितले. त्यावर पुढे लिहितोच. पण त्याच्या त्या शेवटच्या बोलण्यावर मला लगेच काही सुचले नाही. संध्याकाळी घरी परतताना अण्णाभाऊ आठवले. दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या वस्त्यांमधून त्यांची मिरवणूक निघते, डीजे वाजतो, फोटोला हार पडतात. पण हा माणूस लेखक कसा झाला, आणि लेखक म्हणून टिकला कसा, हे त्या मिरवणुकीत नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. वाळवा तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. त्याच वर्षाच्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता, आणि त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणजे अक्षरे छापून येण्याची आपली लढाई आणि अण्णाभाऊ एकाच वर्षाचे. शाळा त्यांच्या वाट्याला दीड दिवसाची आली. मास्तरांचा मार आणि वर्गातली शिवाशिव यांमुळे पाटी सुटली ती सुटलीच. मांगांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारी, गावोगाव हजेरी लावायला लावणारी ती राजवट होती. अशा घरातल्या मुलाने पुढे कादंबऱ्या लिहाव्यात, हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही नसेल.

१९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघाले ते पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, चार पैसे जमले की पुढे सरकायचे. मुंबईत पोरसवदा अण्णाने कोळसा वेचला, फेरीवाल्याचा धंदा केला, गिरणीत राबला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. आज आपली पोरे एम. ए., बी. एड. होऊनही लिहायला घाबरतात. या माणसाने रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत लिपी कमावली आणि त्या लिपीतच पुढे आपल्या आईबापांचे जग उभे केले.

माटुंग्याची लेबर कॅम्प ही त्यांची खरी शाळा. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते त्या वस्तीत काम करीत होते. बाबासाहेबांवर निष्ठा असलेला आणि लाल बावटाही खांद्यावर घेतलेला कामगार तिथे एकाच चाळीत सापडे. लेबर कॅम्पातल्या डासांवर केलेले गाणे ही अण्णाभाऊंची अगदी सुरुवातीची रचना मानली जाते. डासांवर! मोठे साहित्य मोठ्या विषयावरच लिहिले जाते असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. जे अंगाला चावत होते त्यावर त्यांनी लिहिले, आणि ऐकणाऱ्यांना ते आपलेच वाटले.

१९४३ मध्ये त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशाचे लोकनाट्य करून त्यांनी सावकार, शेटजी, पुढारी यांना भर चौकात उघडे पाडले. मैदाने भरू लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची छक्कड तर आजही म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे.

इथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शाहिराला दाद जागच्या जागी मिळते. डफावर थाप पडली की हजार माणसे साथ देतात. कथा-कादंबरीचे तसे नाही. लिहिणारा एकटा, छापून येईल की नाही ठाऊक नाही, छापले तर कोण वाचील ठाऊक नाही, आणि आपली वस्ती तर बहुतांशी निरक्षर. मग हजारोंच्या टाळ्या मिळवणारा हा शाहीर त्या एकाकी वाटेला का वळला? १९४८ नंतर सरकारने कम्युनिस्टांवर वरवंटा फिरवला, कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली, हे एक कारण दिसते. मंच बंद झाला, तसा हात कागदाकडे गेला. १९४९ मध्ये ‘मशाल’ साप्ताहिकात त्यांची ‘माझी दिवाळी’ ही कथा आली. पण केवळ बंदीमुळे कुणी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहीत नाही. मला वाटते, पोवाड्यात न मावणारी माणसे त्यांच्याकडे साचली होती. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा घ्या. पोट भरण्यासाठी प्रेतांची राख चाळणारा, मढी उकरणारा माणूस. त्याला डफावर उभा करता येत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते.

हे सारे लेखन झाले कुठे? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. बावीस वर्षे त्यांनी त्या झोपडीत काढली असे सांगितले जाते. लिहिण्याची खोली नाही, निवांतपणा नाही, नियमित पगार नाही. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की हे त्यांचे दैवतच. गॉर्कीलाही शाळा जेमतेम लाभली होती, भटकत मोलमजुरी करीत तो वाढला आणि १८९२ मध्ये तिफ्लिसच्या एका वर्तमानपत्रात त्याची पहिली कथा आली. दूरदेशीचा एक मजूर लेखक झाला, ही गोष्ट चिरागनगरच्या मजुराला धीर द्यायला पुरेशी होती.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. वाटेगावच्या मातीतला, दुष्काळात इंग्रजांचा खजिना लुटून उपाशी माणसांना जगवणारा फकिरा हा त्यांच्या नात्यातला माणूस. ज्याला सरकारी दप्तराने दरोडेखोर ठरवले, त्याला अण्णाभाऊंनी नायक केले. वकिलाच्या नजरेने पाहिले तर ही कादंबरी म्हणजे एका निकालावरचे अपीलच आहे. आरोपीची बाजू कुणी ऐकून घेतली नव्हती. ती साठ वर्षांनी त्याच्या घरातल्या माणसाने मांडली. पुस्तकाला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा उत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार तिला मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. ‘वैजयंता’वर १९६१ मध्ये आणि ‘फकिरा’वर १९६३ मध्ये चित्रपट निघाले.

आपल्यातले काही बांधव अजूनही वाद घालतात की अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, ते आपले कसे? त्यांनी ‘फकिरा’चे अर्पणपत्र उघडून पाहावे. कादंबरी अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. कम्युनिस्ट पक्षात आयुष्य घालवलेल्या लेखकाने आपले सर्वांत मोठे पुस्तक कुणाच्या चरणी ठेवले? आणि तेही व्यक्तीच्या नावाने नव्हे, तिच्या लेखणीच्या नावाने. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले, आणि ही पृथ्वी शेषाच्या फण्यावर उभी नसून श्रमणाऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार तिथे मांडला. पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. वाट कुणी पाडली हे आपण विसरता कामा नये. मातंग-बौद्ध अशी फाळणी करून या लेखकाचे तुकडे पाडणाऱ्यांना तर त्याहूनही नको.

आता छापण्याचा मुद्दा. आपले साहित्य छापायला प्रस्थापितांची दारे बंद असतात, ही तक्रार खरी आहे, नवी मात्र नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती. दोन महिन्यांत संपल्या. आयुष्याच्या शेवटी, सप्टेंबर १९५६ मध्ये, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पाचेकशे प्रती बुद्धजयंतीनिमित्त सरकारने घ्याव्यात असे पत्र त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. राखून ठेवलेला निधी संपला आहे, असे उत्तर आले. घटनेच्या शिल्पकाराला! तो ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. मी हे त्या शिक्षकाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

अण्णाभाऊंची पुस्तके खपत होती, सिनेमे निघत होते, पुरस्कार मिळाला होता, आणि लेखक झोपडीतच होता. असे कसे घडते? लेखकाला हिशेब मागता येत नाही, मागायचा असतो हेही कुणी सांगत नाही. सहा वर्षे लिहिल्यावर कुणीतरी छापतो आहे याच आनंदात माणूस कुठेही सही करतो. म्हणून आपल्या लिहिणाऱ्या पोरांसाठी थोडा कायदा इथे लिहून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मानधन किती, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क जातो. करारात वेगळे काही नसेल आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते लेखकाकडे परत येतात. त्या शिक्षकाला आलेल्या कागदात कायमस्वरूपी असा शब्द होता. तो मी लाल शाईने खोडला आणि तीन वर्षे लिहिले. खर्चाचे कलमही खोडले. प्रकाशकाला नको असेल तर नको. आपल्या वह्या आपल्याकडे.

लेखकाच्या मृत्यूनंतर हे हक्क साठ वर्षे चालतात. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. अखेरच्या काळात चिरागनगर सोडून ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहायला गेले होते. घर विस्कटलेले, प्रकृती ढासळलेली, हाती पैसा नाही. वय पन्नासही नव्हते. म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे, हे नीट मोजून पाहावे. जिवंतपणी ज्या अक्षरांनी त्यांना पुरेसे पोट भरू दिले नाही, ती मेल्यानंतरही साठ वर्षे मालमत्ता म्हणून कायद्याने मान्य आहेत.

१९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय काढले. योगायोग असा की त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. चिरागनगरातून निघालेला माणूस गॉर्कीच्या देशात उभा राहिला. पण धडगाव, अक्कलकुव्याच्या किती आश्रमशाळांत ‘फकिरा’ची एक तरी प्रत आहे? आमच्याच शहादा परिसरातल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह तरी किती शाळांत सापडेल? पुतळ्यासाठी वर्गणी जमते, पुस्तकासाठी जमत नाही, हे मी मिरवणुकीच्या मंडळात कार्यकर्ता म्हणून स्वतः पाहिले आहे, आणि त्या वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्यांत मीही होतो.

त्या शिक्षकाला मी ‘फकिरा’ दिली. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, शहाद्याहून एस. टी. बदलून, भिजलेला. प्रकाशकाने खोडलेला करारनामा परत पाठवला होता, मान्य नाही म्हणून. तो फारसा खचलेला दिसला नाही. ‘फकिरा’ पिशवीत तशीच होती, आणि तिच्याखाली पाचवी वही. ऊसतोडीला गेलेल्या बायकांवरचे एक प्रकरण चार वह्यांत राहून गेले होते, ते लिहायला घेतले आहे म्हणाला. मग कलम १९ ची झेरॉक्स मागून घेतली, घडी करून वहीत ठेवली आणि साडेचारची गाडी गाठायला निघून गेला.