ध्रुवप्रभेचा शोधक : क्रिस्तियान बर्कलंड

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात हिवाळ्याच्या रात्री आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलावताना दिसतात. ह्या प्रकाशास ध्रुवप्रभा म्हणतात. तिचे रहस्य उलगडण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते शास्त्रज्ञ म्हणजे क्रिस्तियान बर्कलंड होत.

त्यांचा जन्म १८६७ साली नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात झाला. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात आणि तेथील विरळ हवेवर आदळून तिला उजळतात, असे त्यांचे मत होते. ते पडताळण्यासाठी १८९९ साली त्यांनी उत्तर नॉर्वेतील हाल्डे पर्वताच्या माथ्यावर वेधशाळा उभारली. बर्फ आणि वादळी वारा ह्यांच्याशी तेथे नित्य झुंज द्यावी लागे. ह्या मोहिमेत एलिसार बोये हा त्यांचा तरुण सहकारी हिमलोटाखाली सापडून मरण पावला. तरीही बर्कलंड यांनी कार्य सोडले नाही. १९०२-०३ साली त्यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन व नोवाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी चुंबकसूचीच्या हालचाली नोंदवल्या. त्यांवरून त्यांनी अनुमान काढले की, चुंबकीय रेषांवरून विद्युत्प्रवाह अवकाशातून खाली उतरतात, आकाशात आडवे वाहतात आणि पुन्हा वर जातात. निर्वात पेटीत चुंबकित गोळा ठेवून त्यांनी प्रयोगशाळेतही ध्रुवप्रभेसारखी झळाळी निर्माण केली.

१९१७ साली टोकियो येथे त्यांचे निधन झाले. सिडनी चॅपमन यांसारख्या नामांकित विद्वानांना त्यांचे अनुमान पटले नव्हते. आणि केवळ जमिनीवरील नोंदींनी हा वाद मिटणे शक्य नव्हते. अखेर १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाच्या नोंदींत त्या प्रवाहांची खूण सापडली. आज त्यांना बर्कलंड प्रवाह असेच म्हणतात.

१९८१ साली उत्तर नॉर्वेतच, ट्रोम्सोजवळ, मोठे रडार सुरू झाले. आयनांबरातील विद्युत्भारित कणांचा वायू, म्हणजे प्लाझ्मा, कोणत्या वेगाने सरकतो हे परत येणाऱ्या रेडिओलहरींच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून कळते. पुढे ध्रुवांभोवती अनेक रडारे उभी राहिली. त्यांची मापे एकत्र करून, मधल्या रिकाम्या जागा गणिताने भरून, शास्त्रज्ञ ह्या गतीचा नकाशा तयार करतात. प्लाझ्मा बहुधा ध्रुवावरून दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे जातो व सकाळ-सायंकाळच्या बाजूंनी परततो, असे त्यात दिसते.

ज्या उंचीवर बर्कलंड कधी पोहोचू शकले नाहीत, तेथील हालचाल त्यांनी पर्वतावरील एका थरथरणाऱ्या सूचीत वाचली होती. संयमाने घेतलेली नोंद कधी वाया जात नाही, हेच त्यांचे जीवन सांगते.