धनंजयराव गाडगीळ : साखर कारखान्याच्या अध्यक्षपदी बसलेले प्राध्यापक

उसाचं बिल खात्यावर पडतं तेव्हा सोसायटीचं कर्ज त्यातून आधीच वळतं झालेलं असतं. बागायती गावात याचं कुणाला नवल वाटत नाही, फार तर कुरकुर होते. पण शेतकऱ्याचं कर्ज, त्याचं पीक आणि त्या पिकाची विक्री एका साखळीत बांधल्याशिवाय सावकाराचा पाश सुटणार नाही, ही गोष्ट कुणीतरी आधी अभ्यासून मांडावी लागली. ती मांडणाऱ्यांत पुण्याचे प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ आघाडीवर होते.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. बालपण नागपुरात गेलं. पुढे केंब्रिजला शिकायला गेले आणि तिथल्या पदवीसाठी भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली पुस्तक म्हणून छापला गेला, तेव्हा लेखकाचं वय होतं अवघं तेवीस. त्याच्या आवृत्त्या पुढची जवळपास पन्नास वर्षं निघत राहिल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला आलेला भाव, मग कोसळलेला बाजार, दुष्काळ, दरबारं गेल्यामुळे गिऱ्हाईक गमावलेले कारागीर, बलुत्यावर कसाबसा टिकलेला गावचा सुतार-लोहार, हे सगळं त्यात आहे. परक्या सत्तेला नुसत्या शिव्या घालून हात झटकायचे, असा त्या पुस्तकाचा सूर नव्हता. कोणता धंदा का मोडला आणि कोणता का तगला, याची कारणं त्यांनी एकेक करून शोधली.

परत आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ काढला. मग १९२५ ते १९३० सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य. १९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षं, ते त्याच खुर्चीवर होते.

त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे विलायती पुस्तकातले नियम फळ्यावर लिहायचे, असाच बहुतेक ठिकाणी रिवाज. गाडगीळांनी माणसं बाहेर पाठवली. पुण्याच्या बाजारात फळं कुठून येतात, मधे किती हात लागतात आणि बागवाल्याच्या पदरात काय पडतं, याची पाहणी १९३३ साली छापली. सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी झाली, वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब घरोघर जाऊन मांडला गेला, पुणे शहरातल्या कुटुंबांची नमुना पाहणी झाली. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांचीही तपासणी केली. किती पोरं एकाच इयत्तेत अडकतात, किती मधेच गळतात आणि चार बुकं शिकलेला पुन्हा निरक्षर कसा होतो, हे आकड्यांत दाखवलं. आज अशी सर्वेक्षणं ढिगानं होतात. तेव्हा हे नवीन होतं.

त्यांचा मुद्दा साधा होता. भाव नुसत्या मागणी-पुरवठ्यानं ठरत नाही. तराजू कुणाच्या हातात आहे, उचल कुणी दिली आहे, जात काय, कायदा कुणाच्या बाजूनं आहे, यावरही तो ठरतो. व्यापारी वर्ग कसा घडला यावर त्यांनी १९५९ साली लिहिलं, त्यातही अठराव्या शतकापासूनच्या व्यापारी जाती, त्यांच्या पंचायती आणि राज्यकर्त्यांशी असलेले संबंध हाच विषय होता. अर्थकारण आणि समाज वेगळे करून बघता येत नाहीत, असं ते मानत. तशा अभ्यासाला आज विद्यापीठांत भारदस्त नावं आहेत.

आता नगर जिल्ह्याकडे यायला हवं, कारण त्यांच्या विचाराची खरी परीक्षा इथं झाली.

गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी पाटाचं पाणी आलं होतं. पाण्यामुळे बागायत आणि जिरायत यांत नेमका किती फरक पडतो, याची पाहणी गाडगीळांच्या संस्थेनं केली होती, ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऊस उभा राहिला तरी शेतकरी सुटला नव्हता. गुऱ्हाळ लावायचं, गूळ अडत्याच्या दारात न्यायचा आणि तो देईल ती पट्टी घ्यायची. भाव पडला की कर्ज तसंच. खासगी साखर कारखाने होते, पण त्यांचा नफा भागधारकांच्या घरी जायचा.

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूरला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली, अध्यक्ष होते गाडगीळ. कारखाना उसवाल्यांनी स्वतःचाच का काढू नये, हा विचार तिथं पुढं आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो उचलून धरला. विठ्ठलरावांचं शाळेतलं शिक्षण बेताचंच, पण त्यांनी त्याआधीच लोणीत पतपेढी चालवून दाखवली होती आणि गावोगावच्या माणसांचा त्यांच्यावर भरवसा होता. भागभांडवलासाठी दारोदार हिंडणं त्यांनी केलं. पोटनियम, सरकारदरबार, कर्जाची कागदपत्रं ही बाजू गाडगीळांची. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांची साथ मिळाली. शेतकऱ्यांच्या शेअर्सना सरकारच्या शेअर्सची जोड आणि सरकारच्या हमीवर औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज, असा मेळ बसला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचं पहिलं गाळप झालं. ज्यांच्या नावावर एक कांडंही ऊस नव्हता, ते पुण्याचे प्राध्यापक सुरुवातीची सुमारे दहा वर्षं या कारखान्याचे अध्यक्ष राहिले. शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच, हा सहकाराचा नियम. राज्यभर पुढं जे कारखाने उभे राहिले, त्यांच्यासमोर प्रवरेचाच नमुना होता.

याच सुमारास देशभराच्या ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी सुरू झाली. ७५ जिल्हे, ६०० गावं. ए. डी. गोरवाला यांच्या समितीत गाडगीळ सदस्य होते. १९५४ चा अहवाल सहकारी चळवळीला चपराक देणारा होता : शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, तर सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. पन्नास वर्षं सोसायट्या काढून ही गत. तरी सहकार सोडून चालणार नाही, असंच समितीनं ठरवलं. दुबळ्या सोसायटीत सरकारनं भागीदार व्हावं, कर्जाला विक्री आणि प्रक्रियेची जोड द्यावी, गोदामं बांधावीत, अशा शिफारशी केल्या. स्टेट बँकेचा जन्मही याच अहवालातून झाला.

इथंच एक गाठ बसली, जी अजून सुटलेली नाही. सरकारच्या पैशाशिवाय सावकार हटत नव्हता, आणि सरकारच्या पैशाबरोबर राजकारण सोसायटीत येणारच होतं. सरकारी भाग हळूहळू परत जाईल आणि सभासद आपल्या पायावर उभे राहतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. पैसा काही ठिकाणी परत गेलाही, पण पुढारी कुठं गेले नाहीत. दुसरी बाजूही सांगायला हवी. कारखाना उसवाल्याचा झाला, पण ज्याच्या शेताला पाट नाही तो जिरायतदार आणि कोयता घेऊन येणारा तोडणी मजूर या मालकीच्या बाहेरच राहिले. गाडगीळांच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही, पण त्यांच्या नमुन्याची ही मर्यादाच म्हणायची.

सरकारशी त्यांचं नेहमी पटलं असं नाही. १९४७ साली गोरवालांबरोबर ते वस्तूंच्या भावांविषयीच्या सरकारी मंडळावर होते. धान्यावरचं नियंत्रण उठवायला त्यांचा विरोध होता. नियंत्रण उठलं, भाव भडकले आणि वर्षभरात सरकारला पुन्हा नियंत्रणाकडे वळावं लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची अभ्यासपूर्ण मांडणी करणाऱ्यांतही ते होते.

१९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून गेले. केंद्राची मदत तोवर योजनेगणिक, बऱ्याचदा वजन वापरून मिळायची. १९६९ मध्ये गाडगीळ सूत्र आलं : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व विजेचे मोठे प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. दरडोई उत्पन्नाचा वाटा सरासरीपेक्षा गरीब राज्यांनाच मिळणार होता, म्हणजे त्यात महाराष्ट्राला काही नव्हतं. सूत्र करणारा मराठी माणूस होता हे लक्षात घेतलं की त्याची किंमत कळते. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटानं प्रत्येक क्षेत्राची जबाबदारी बँकांवर टाकण्याचा मार्ग सुचवला, त्यातूनच जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँक आली. कलेक्टर कचेरीत पीककर्जाच्या उद्दिष्टावरून बँकवाल्यांची झाडाझडती होते, तिचं मूळ हेच.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची फेररचना व्हायची होती. धनंजयरावांनी पद सोडलं आणि पुण्याला यायला रेल्वेनं निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या प्रवासातच त्यांचं निधन झालं. वय सत्तर. त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे अर्थतज्ज्ञ झाल्या आणि दुष्काळ, पाणी, कष्टकरी यांच्या प्रश्नांवर लिहीत राहिल्या. मुलगा माधव यांनी पर्यावरणशास्त्राची वाट धरली, पश्चिम घाटावरचा गाडगीळ अहवाल त्यांचाच.