धर्मानंद कोसंबी : कुशल आणि अकुशल यांची पारख

‘पाप’ आणि ‘पुण्य’ हे शब्द पाली ग्रंथांतही येतात; परंतु कृतीची पारख करताना तेथे ‘कुसल’ आणि ‘अकुसल’ ही जोडी विशेष महत्त्वाची ठरते. लोभ, द्वेष व मोह या मुळांतून उपजलेले कर्म अकुशल; अलोभ, अद्वेष व अमोह यांतून उपजलेले कर्म कुशल. म्हणजेच कृतीच्या बाह्य रूपापेक्षा तिच्यामागील चेतना निर्णायक मानली आहे. ही कसोटी धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राला लावून पाहू.

कोसंबींचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. बुद्धाविषयीच्या ओढीने त्यांनी १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करीत ते श्रीलंकेत पोहोचले आणि तेथे १९०२ मध्ये श्रामणेर झाले. पुढे चीवर उतरवून ते गृहस्थाश्रमात परतले व कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे अधिक वेतन मिळत असतानाही त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये स्वीकारले. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून काम करायचे होते. येथे अलोभ स्पष्ट दिसतो.

१९१० मध्ये ते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. अन्याय त्यांनी मुकाट्याने सोसला नाही; तरी १९१८ मध्ये त्याच कामासाठी ते पुन्हा तेथे गेले. विरोध करणे आणि द्वेष बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्या.

आता अवघड प्रसंगाकडे वळू. १८९९ मध्ये घर सोडताना कोसंबींनी पत्नी बाळाबाई व लहान मुलगी यांना मागे ठेवले होते. त्यांच्या हेतूत ज्ञानाची तळमळ होती, हे खरे. पण तेवढ्याने प्रश्न मिटतो काय? बुद्धाने राहुलाला केलेल्या उपदेशात कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतरही ती स्वतःला वा इतरांना पीडा देते काय, हे तपासण्यास सांगितले आहे. म्हणून चेतनेबरोबर परिणामही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. कोसंबींविषयीच्या आदरापोटी हा प्रश्न टाळणे हाही मोहच ठरेल.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्यागानंतर त्यांचे निधन झाले.

नोकरी, घर आणि अभ्यास यांची ओढाताण तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. तेव्हा आपला निवाडा लिहिताना कोसंबींना दोषी वा निर्दोष ठरवण्याची घाई करू नका. प्रथम हेतू पाहा, मग ज्यांना झळ पोहोचली त्यांच्याकडे पाहा, आणि शेवटी हीच कसोटी स्वतःच्या एखाद्या निर्णयाला लावून पाहा.