अर्ज मात्र तिनं स्वतः लिहिला

मेडिकलच्या ॲडमिशनचा सीझन आला की सल्ले देणारे ढिगानं भेटतात, हो ना? मग आनंदीबाई जोशींची गोष्ट वाचाच.

१८६५चा जन्म, नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं आणि आनंदीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. तिला अमेरिकेत शिकता यावं म्हणून नवऱ्यानं, गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापून आलं. दातांच्या डॉक्टरकडे बसल्याबसल्या मिसेस कार्पेंटरनी ते वाचलं आणि या अनोळखी मुलीला पत्रं लिहायला सुरुवात केली. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. पण १८८३मध्ये आनंदी अमेरिकेत उतरली, तेव्हा त्यांचं घर तिच्यासाठी उघडं होतं.

फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजला अर्ज मात्र तिनं स्वतः लिहिला. प्रवेशाच्या सगळ्या अटीत आपण बसत नसू, हे लपवलं नाही. किती विरोध सोसून इथवर आलो, तेही सांगितलं. डीन रेचल बॉडलींनी तिला घेतलं. ११ मार्च १८८६ला ती एम.डी. झाली.

तुमचा सल्लागारही असा शोधा. पाठीशी उभा राहील, पण अर्ज तुम्हालाच लिहू देईल.

वर्षभरातच क्षयानं आनंदी गेली. गोपाळरावांनी तिची रक्षा मिसेस कार्पेंटरकडे पाठवली. त्यांनी ती आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवली.