डिग्री नसलेला कॉन्ट्रॅक्टर

राजारामपुरीत कुठं स्लॅब पडत असला की आपण पाच मिनिटं थांबतोच. मिक्सरची घरघर, घमेल्यांची रांग आणि मुकादमाची आरडाओरड! पण कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सिमेंटमध्ये हात मारणारा माणूस. म्हणूनच शेठ वालचंद हिराचंद यांची ओळख करून घ्यायला हवी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. मुंबई-पुण्यात कॉलेज केलं, पण पदवी काही पुरी झाली नाही. घरच्या पेढीत जीव रमेना. अशात लक्ष्मणराव फाटक भेटले. ते रेल्वेतले माजी क्लार्क. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हतं. वालचंदांकडं नेमकं उलट. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं आणि सावकाराचा मुलगा ठेकेदार झाला.

ठेकेदारी म्हणजे नुसता नफा नव्हे. दर आधी भरायचा आणि जमिनीखाली काय आहे ते नंतर कळायचं. खडक कठीण लागला, पाणी लागलं, तरी मजुरांचा पगार द्यावाच लागतो. बिल मात्र मोजमाप झाल्यावरच निघतं. ही जोखीम त्यांनी आयुष्यभर घेतली. १९२० मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी काढली, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनची सुरुवात झाली. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम या कंपनीनं केलं. मोठी कामं गोऱ्या कंपन्यांनीच करायची, असा तो काळ होता, हे विसरू नका!

त्याच १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. ह्यूम पाइप आपण रोज बघतो, पण तो बनतो कसा? साच्यात सळ्यांचा पिंजरा ठेवून साचा जोरात फिरवतात. केंद्रोत्सारी बलानं काँक्रीट कडेला दाबून बसतं, जादा पाणी आत सुटतं आणि भिंत घट्ट होते. थिअरीत शिकलेलं असं साइटवर कामाला येतं.

पुढं त्यांनी जहाज, विमान, मोटार आणि साखर असे कारखाने उभे केले. सगळंच हातात राहिलं नाही. बंगळूरचा विमान कारखाना १९४० मध्ये सुरू केला, पण युद्धकाळात तो सरकारकडं गेला. तरी ते थांबले नाहीत. १९४९ मध्ये पक्षाघातानं त्यांना अंथरुणाला खिळवलं आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं.

आपल्या शेजारी सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला पुढं त्यांचंच नाव दिलं गेलं. ज्यांना स्वतःला पदवी मिळाली नाही, त्यांच्या नावाच्या कॉलेजातून आज शेकडो इंजिनिअर बाहेर पडतात. उद्या आपल्यापैकी कुणी टेंडर भरेल, कुणी कॉन्ट्रॅक्टरचं बिल तपासेल. दोन्ही वेळी हा माणूस आठवावा. काँक्रीटमध्ये काय घातलं ते वरून दिसत नाही, ते फक्त घालणाऱ्यालाच ठाऊक असतं!