विमानाच्या आसनाखाली मावलेला संगणक

लॅपटॉप घ्यायला गेलेला ग्राहक दोन प्रश्न हमखास विचारतो. यंत्र किती पातळ आहे आणि बॅटरी किती तास चालते? या दोन्हींची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला खेचतात, हे विक्रेता सहसा सांगत नाही. बॅटरी म्हणजे अखेर रसायनांनी भरलेली जागा. जागा कमी केली की रसायन कमी होते आणि तासही घटतात. ही ओढाताण लॅपटॉपच्या जन्माआधीपासूनची आहे. सोबत नेता येईल असा संगणक ज्याने पहिल्यांदा यशस्वीपणे बाजारात विकला, त्या ॲडम ऑस्बोर्न यांनी तर बॅटरीचा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला होता. त्यांनी यंत्रात बॅटरी बसवलीच नाही.

ऑस्बोर्न यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉक येथे झाला. वडील आर्थर इंग्रज, आई लुसिया पोलिश. आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे निष्ठावंत अनुयायी. महर्षींवरील त्यांच्या ग्रंथांमुळे आणि १९६४ साली त्यांनी सुरू केलेल्या ‘द माउंटन पाथ’ या नियतकालिकामुळे ते अध्यात्माच्या अभ्यासकांना परिचित आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आर्थर यांना बँकॉकमध्ये स्थानबद्ध केले. आई आणि मुले तेव्हा तिरुवण्णामलै येथे, महर्षींच्या आश्रमाच्या सान्निध्यात राहिली. लहानग्या ॲडमचे आरंभीचे शिक्षण कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत झाले. अकराव्या वर्षी ते इंग्लंडला गेले. सिलिकॉन व्हॅलीतील या उद्योजकाचे बालपण तमिळ मुलखात, अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी गेले, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या लेखनात अनेकदा तळटीपेपुरतीच येते.

बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ साली त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत काही काळ नोकरी केली. तेथे त्यांचे मन रमले नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहू लागले. मायक्रोप्रोसेसर नुकता जन्मला होता. तो समजावून सांगणारी पुस्तके दुर्मीळ होती. हौशी संगणकवेड्यांच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये ऑस्बोर्न स्वतः पुस्तके घेऊन जात आणि विकत. पुढे त्यांची प्रकाशन संस्था १९७९ साली मॅग्रॉ-हिल या बड्या प्रकाशनगृहाने विकत घेतली. त्यांचे स्तंभलेखनही गाजत होते. संगणक उत्पादकांची आश्वासने आणि प्रत्यक्ष माल यांतील अंतर ते त्यात निर्भीडपणे दाखवीत. असा टीकाकार स्वतःच कारखाना काढणार म्हटल्यावर अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील, यात नवल नाही.

कारखाना निघाला. होमब्रू क्लबच्या बैठका चालविणारे अभियंते ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे रचनेचे काम आले. ऑस्बोर्न यांची मुख्य अट एकच होती. सगळे यंत्र एका पेटीत मावले पाहिजे आणि ती पेटी विमानातील आसनाखाली सरकली पाहिजे. पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, मेमरी, कीबोर्ड हे सारे त्या मापात कोंबायचे होते. कीबोर्ड पेटीचे झाकण बनला. पडद्यासाठी केवळ पाच इंचांची पिक्चर ट्यूब उरली. तीवर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. टंकलिखित पानाची ओळ त्याहून लांब असे. त्यावर फेल्सेनस्टाइन यांनी युक्ती काढली. मेमरीत १२८ अक्षरे रुंद पान ठेवायचे आणि पडद्याची ‘खिडकी’ कळ दाबून डावी-उजवीकडे सरकवायची.

‘ऑस्बोर्न १’ हा संगणक एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये लोकांसमोर आला. वजन सुमारे ११ किलो, आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा. किंमत १,७९५ डॉलर. सोबत वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक ही सॉफ्टवेअर मोफत. ती वेगवेगळी घेतली असती तर त्यांचीच किंमत यंत्राच्या आसपास गेली असती. दोन्ही हातांनी उचलावे लागणारे हे धूड ‘पोर्टेबल’ कसे, असे आजच्या वाचकाला वाटेल. परंतु त्या काळी संगणक हलवायचा म्हणजे तीन-चार खोकी आणि तारांचा गुंता हलवायचा. त्या मानाने एका मुठीचे हे खोके क्रांतिकारक होते.

आणि बॅटरी? काचेची पिक्चर ट्यूब आणि फ्लॉपीच्या मोटारी विजेच्या मोठ्या भुकेल्या. त्या वेळच्या शिसे-आम्लाच्या किंवा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या वजनदार. त्या पोटात घातल्या असत्या तर पेटी आसनाखाली गेली नसती आणि किंमतही आवाक्यात राहिली नसती. बाहेरून जोडण्याची बॅटरी वेगळी मिळे. तीवर यंत्र जेमतेम तासभर चाले. ऑस्बोर्न यांच्या निर्णयामागे ग्राहकाची अचूक पारख होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तेव्हाचा विक्री प्रतिनिधी किंवा हिशेबनीस विमानात बसून काम करणार नव्हता. त्याला कचेरीतून निघून परगावच्या हॉटेलात पोहोचायचे होते. दोन्ही ठिकाणी भिंतीत सॉकेट होतेच. ‘नेता येणे’ आणि ‘नेता नेता वापरता येणे’ या दोन निराळ्या गरजा आहेत. पहिलीचा मोबदला द्यायला ग्राहक तयार होता, दुसरीची त्याला निकड नव्हती. कामापुरते पुरेसे यंत्र माफक दरात मिळाले की बाकी सारे गौण, हे ऑस्बोर्न यांचे व्यापारी तत्त्वज्ञान होते.

याच काळात इतरांनी वेगळे सौदे केले. जपानच्या एप्सन कंपनीचा एचएक्स-२० अवघा १.६ किलोचा. एका चार्जिंगवर तो सुमारे ५० तास चाले. मात्र त्याच्या पडद्यावर २० अक्षरांच्या चारच ओळी दिसत. दुसऱ्या टोकाला १९८२ चा ‘ग्रिड कंपास’. बिल मॉग्रिज यांनी रेखाटलेली, शिंपल्यासारखी मिटणारी त्याची काया हा आजच्या लॅपटॉपचा मूळ साचा मानला जातो. मॅग्नेशियमचे कवच, सपाट पडदा, वजन सुमारे पाच किलो आणि किंमत आठ हजार डॉलरहून अधिक. त्यातही बॅटरी नव्हती. सडपातळपणाच्या या पहिल्या नमुन्यालाही वीज भिंतीतूनच घ्यावी लागे.

तीस-चाळीस वर्षे उलटली तरी हिशेब फारसा बदललेला नाही. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या पहिल्या मॅकबुक एअरची जाडी दोन सेंटिमीटरहूनही कमी होती. त्यासाठी बॅटरी ३७ वॉट-तासांची आणि ग्राहकाला स्वतः बदलता न येणारी बसविण्यात आली. त्याच कंपनीच्या जाड मॅकबुकमध्ये ५५ वॉट-तासांची, काढता येणारी बॅटरी होती. अलीकडे पातळ यंत्रेही दिवसभर चालू लागली. त्याचे श्रेय बॅटरीइतकेच, किंबहुना अधिक, कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरना आहे. २०२० च्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी सुमारे ५० वॉट-तासांचीच होती. वरची मर्यादा तर पुन्हा विमानानेच घातली आहे. १०० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीविना नेता येत नाही, म्हणून लॅपटॉप उत्पादक त्या आकड्याच्या आत थांबतात. ऑस्बोर्न यांनी आसनाखालची मोकळी जागा मोजली होती, आजचा अभियंता विमानसुरक्षेचा नियम मोजतो.

यश भरभरून आले. ऐन बहरात महिन्याला दहा हजार यंत्रे खपत होती. पण बिनसले ते बॅटरीवरून नव्हे, पडद्यावरून. १९८२ मध्ये ‘केप्रो २’ नऊ इंची पडदा आणि एका ओळीत ८० अक्षरे घेऊन त्याच किमतीत उतरला. पाठोपाठ कॉम्पॅकने आयबीएमशी सुसंगत असा वाहता संगणक आणला. त्या दोन्ही यंत्रांनाही भिंतीतलीच वीज लागे, तरी ग्राहक तिकडे वळला. ऑस्बोर्न यांची ‘पुरेसे’ या शब्दाची व्याख्या विजेच्या बाबतीत खरी ठरली, डोळ्यांच्या बाबतीत चुकली.

सात इंची पडद्याचे ‘एक्झिक्युटिव्ह’ हे पुढचे यंत्र त्यांनी जाहीर केले. ते २,४९५ डॉलरचे होते. नवे येणार म्हटल्यावर विक्रेत्यांनी जुन्याची मागणी थांबविली आणि कंपनीचा पैशाचा ओघ आटला, अशी कथा आहे. अकाली घोषणेने स्वतःच्या मालाचा खप मारण्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘ऑस्बोर्न परिणाम’ असे नाव पडले. ही कथा फार सोयीची आहे. केप्रो आणि कॉम्पॅकची स्पर्धा, कंपनीची बेसुमार वाढ आणि ढिला हिशेब हे तितकेच जबाबदार होते, असे मानणारेही अनेक आहेत. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पहिले यंत्र दाखवून अडीच वर्षेही झाली नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांनी पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. महागडी सॉफ्टवेअर पुस्तकांच्या भावात विकायची, ही कल्पना. त्यांच्या ‘व्हीपी-प्लॅनर’ने आपल्या १-२-३ ची नक्कल केल्याचा दावा लोटस कंपनीने १९८७ मध्ये गुदरला. १९९० मध्ये निकाल लोटसच्या बाजूने लागला आणि ऑस्बोर्न यांना पायउतार व्हावे लागले.

याच सुमारास मेंदूला लहान लहान झटके येऊ लागले. प्रकृती ढासळत गेली. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि कोडाईकनाल येथे बहिणीच्या घरी राहू लागले. जेथे अक्षरे गिरवली, त्याच डोंगरावर त्यांची अखेरची अकरा वर्षे संगणक जगतापासून दूर गेली. १२ मार्च २००३ रोजी इंटेलने लॅपटॉपसाठी कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरसह ‘सेंट्रिनो’ हा संच बाजारात आणला. बारीक यंत्रात अधिक तास हे त्याचे आश्वासन होते. सहा दिवसांनी, १८ मार्च रोजी, ॲडम ऑस्बोर्न यांचे झोपेत निधन झाले. ते ६४ वर्षांचे होते.