विल्यम कोली
विल्यम ब्रॅडली कोली (१२ जानेवारी, १८६२ – १६ एप्रिल, १९३६) हे अमेरिकी शल्यचिकित्सक होते. शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवी कर्करोगावर उपचार करू पाहणाऱ्या आद्य वैद्यांत त्यांची गणना होते.

कनेक्टिकट राज्यात जन्मलेल्या कोली यांनी १८८८ साली हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतली. न्यूयॉर्क येथे त्यांनी एका १७ वर्षांच्या मुलीचा सारकोमाग्रस्त हात कापला; तरीही १८९१ च्या आरंभी ती दगावली. व्यथित होऊन त्यांनी रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळल्या. मानेवरचे अर्बुद पुनःपुन्हा वाढणाऱ्या एका रुग्णाला धावरे झाले आणि त्यानंतर अर्बुद विरून गेले, अशी नोंद त्यांना सापडली. त्या माणसाचा त्यांनी शहरात स्वतः शोध घेतला. सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता.

मग कोली यांनी रुग्णांना धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. काहींची अर्बुदे आटली, पण संसर्गाने काही रुग्ण मृत्युमुखी पडले. म्हणून पुढे त्यांनी दोन जातींच्या मृत जंतूंचे मिश्रण वापरले. तेच ‘कोली यांचे विष’. त्यामुळे प्रतिकार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात, हा उलगडा नंतरचा. कोली स्वतः कर्करोग जंतुजन्य मानत. निरीक्षण अचूक, पण उपपत्ती चुकीची, असा हा प्रकार होता.

मिश्रणाची प्रत एकसारखी नसे, नोंदीही अपुऱ्या. त्यामुळे जेम्स युइंग यांच्यासारख्यांचा विरोध निव्वळ आकसाचा म्हणता येत नाही. क्ष-किरणोपचार रूढ होताच ही पद्धत मागे पडली. कोली यांच्या कन्या हेलन यांनी वडिलांचे रुग्णवृत्तान्त गोळा केले आणि १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना केली.